बिघडलेल्या सुराचे कारागीर

गाण्याची बैठक सुरू व्हावयाची असते आणि तंबोरे जुळत असतात, तेव्हाचा एक प्रकार आपण सर्वांनी पाहिलेला आहे. जुळवणारा खुंट्या पिळतो, मणी सरकवतो, आणि मग घोडीवर तारेखाली दोऱ्याचा एक तुकडा घालून तो केसभर पुढे, केसभर मागे करू लागतो. तोवर तार नुसती टणटण वाजत असते. दोरा नेमक्या जागी आला, की तीच तार एकदम गुंजू लागते. एका सुरातून अनेक सूर फुटू लागतात. याला आपण जवारी म्हणतो. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हीच विद्या जतन केली. मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे लोक. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी ओसरली तेव्हा त्यांतल्या फरीदसाहेबांनी वाद्ये घडविण्याचा उद्योग आरंभिला. तलवारीची धार ओळखणारी बोटे घोडीची पाठ घासू लागली.

आता तटस्थपणे पाहिले, तर जवारी हा एक दोषच नव्हे काय? तार मोकळी हलत नाही. घोडीच्या पाठीला चाटत, घासत हलते. परंतु त्या घासण्यालाच आपण सुराचा जीव मानले, आणि जवारी गेलेल्या तंबोऱ्याला मुका म्हटले.

ही प्रस्तावना अशासाठी, की यंदा मी वाचकांना एका परक्या मुलखातल्या पेटीची हकीकत सांगणार आहे. विजेवर चालणारी गिटार वाजविणारे लोक ही पेटी पायापाशी ठेवतात आणि पायाने कळ दाबून चालू-बंद करतात. म्हणून तिला पेडल म्हणावयाचे. तिचे नाव ‘फझ’. इंग्रजीत फझ म्हणजे लोकरीवर किंवा पीच फळावर असते ती बारीक लव. स्वच्छ, गुळगुळीत सुराच्या अंगावर ही पेटी तशी लव उभी करते. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात गिटार वाजवितो. त्याने मला ती दाखविली तेव्हा ती मला डब्याएवढी, क्षुल्लक वाटली. पण तिच्यामागची हकीकत शोधू लागलो आणि महिनाभर दुसरे काही सुचेना.

ही पेटी करते तरी काय? मी शास्त्राचा पदवीधर नव्हे. तेव्हा मला समजले तसे सांगतो. पायलीच्या मापात धान्य ओतले, की वर शीग येते. मापाच्या तोंडावरून आडवी पट्टी फिरवली, की शीग खाली पडते आणि माप सपाट होते. गिटारीच्या तारेचा सूर विजेच्या लाटेच्या रूपाने येतो, आणि त्या लाटेलाही अशीच शीग असते. ही पेटी आधी लाट बेसुमार वाढवते आणि मग तिची शीग छाटून टाकते. शेंडे छाटले, की गोल लाट चौकोनी होते, आणि त्या चौकोनी कडांतून मूळ सुरात नसलेले कितीतरी वरचे सूर बाहेर पडतात. दुसरी मौज अशी, की धान्य कमी होत गेले तरी जोवर ते मापाच्या काठाला पोचते आहे, तोवर पट्टी फिरवल्यावर माप भरलेलेच दिसते. म्हणून तारेचा झणत्कार विरत चालला तरी पेटीतून निघणारा सूर बराच वेळ तसाच राहतो. छेडलेली तार लांबवर गाऊ लागते ती यामुळे.

ध्वनियंत्रांच्या साऱ्या शास्त्राचा रोख नेमका याच्या उलट होता. शीग छाटली जाऊ नये, आत गेले तसेच बाहेर यावे, यासाठी इंजिनियर लोक रात्री जागवीत. तरीही अपघात होतच. १९५१ साली मेंफिस शहरात ‘रॉकेट ८८’ या गाण्याच्या मुद्रणाला वादक येऊन पोचले, तो त्यांचा ध्वनिवर्धक जायबंदी झालेला. कोणी सांगतात तो गाडीवरून पडला, कोणी सांगतात पावसात भिजला. सॅम फिलिप्स या मुद्रणकाराने फाटलेल्या कर्ण्यात कागद कोंबला आणि त्या भसाड्या आवाजासह गाणे उरकले. १९५८ साली लिंक रे नावाच्या वादकाने तर मनासारखा आवाज मिळावा म्हणून कर्ण्याच्या कागदाला आपल्याच हाताने भोके पाडली. पण फाटलेला कर्णा एकाचा एकच असतो. त्याच्यासारखा दुसरा फाडता येत नाही, आणि तो बाजारात विकताही येत नाही.

खरी गोष्ट सुरू होते ती टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरी. तेथे ओवेन ब्रॅडली याचा एक स्टुडिओ होता. लष्करी पत्र्याची, पिंप उभे चिरून आडवे ठेवावे तशी ती शेड होती, आणि लोक तिला ‘क्वॉन्सेट हट’ याच नावाने ओळखत. १९६० सालच्या अखेरीस मार्टी रॉबिन्स या गायकाचे ‘डोन्ट वरी’ हे गाणे तेथे मुद्रित होत होते. गाणे शांत, प्रेमभंगाचे. यंत्रापाशी ग्लेन स्नॉडी हा इंजिनियर होता आणि ग्रेडी मार्टिन सहा तारांची बास गिटार वाजवीत होता. गाण्याच्या मधोमध त्याचा एकट्याने वाजविण्याचा तुकडा आला आणि कर्ण्यातून भलताच आवाज निघू लागला: जाड, खरखरीत, भुंगा डब्यात कोंडावा तसा. स्नॉडीच्या टेबलातला एक ट्रान्सफॉर्मर नेमका त्याच घटकेला बिघडला होता.

पुढे काय व्हावे? नियमाप्रमाणे वादन थांबवावे, यंत्र दुरुस्त करावे आणि तुकडा पुन्हा वाजवून घ्यावा. तसे केले असते तर कोणी नाव ठेवले नसते. पण त्या मंडळींनी तो तुकडा पुन्हा ऐकला आणि राहू दिला. १९६१ साली तबकडी बाजारात आली आणि तिकडच्या ग्रामीण ढंगाच्या गाण्यांत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. त्याच वर्षी ग्रेडी मार्टिनने ‘द फझ’ या नावाची स्वतःची धूनही काढली.

इतरांनाही मग तो आवाज हवासा झाला. परंतु टेबलाचा तो भाग तोवर पुरता निकामी होऊन गप्प झाला होता. आता स्नॉडीपुढे मोठी विलक्षण अडचण उभी राहिली. आजवर बिघाड कसा टाळावा हे शिकलेला हा माणूस. त्याला आता तोच बिघाड, तसाच्या तसा, मागितल्या क्षणी पुन्हा करून दाखवायचा होता. अपघात फुकट घडतो. तोच अपघात दुसऱ्यांदा घडवावयाचा तर त्याची खडान्‌खडा माहिती लागते. रेव्हिस हॉब्ज या रेडिओ इंजिनियराला हाताशी धरून त्याने ट्रान्झिस्टरांची एक जुळणी सिद्ध केली. ती घेऊन तो शिकागोला गेला, आणि गिब्सन या गिटारी बनविणाऱ्या कंपनीच्या चालकांनी ती उचलली. १९६२ साली ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने ती बाजारात आली. उतरत्या छपराची, पाचरीसारखी पेटी. आत जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर, आणि वर पायाने दाबावयाची कळ.

आणि ती पडून राहिली! दुकानदारांनी पहिल्या हप्त्याला हौसेने माल घेतला. पुढची दोन वर्षे त्याला गिऱ्हाईक मिळेना. याचे कारण कंपनीच्या जाहिरातीत सापडते असे मला वाटते. या पेटीने तुमची गिटार ट्रंपेटसारखी, ट्रॉम्बोनसारखी, चेलोसारखी वाजेल असे ती सांगत होती. म्हणजे जे या आवाजाचे स्वतःचे होते त्याविषयी चकार शब्द नाही, आणि जे त्याला कधीच साधणार नव्हते त्याची मात्र हमी! ट्रंपेट ज्याला हवा तो ट्रंपेटच घेईल. लोकांनी पेटी वाजवून पाहिली, ती ट्रंपेटसारखी वाजली नाही, आणि त्यांनी ती खाली ठेवली. वर्गात एखादे पोर ‘थोरल्या भावासारखा हो’ म्हणून वर्षानुवर्षे ऐकत असते. त्याची आठवण मला येथे झाल्यावाचून राहिली नाही.

१९६५ साली तिचे नशीब उघडले. गंमत अशी, की तेही नक्कल करण्याच्या नादात. ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्रज वाद्यवृंदाचा कीथ रिचर्ड्स ‘सॅटिस्फॅक्शन’ हे गाणे बांधीत होता. त्याच्या मनात होते, की मुख्य धून शेवटी तुताऱ्यांच्या ताफ्याने वाजवावी. तूर्त नुसता आराखडा म्हणून त्याने ती फझ-टोनमधून गिटारीवर वाजवून ठेवली. तो आराखडाच त्याच्या सोबत्यांना पसंत पडला. रिचर्ड्सची नाखुशी होती, पण बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. जूनमध्ये गाणे अमेरिकेत निघाले, पहिल्या क्रमांकावर गेले, आणि वर्ष सरण्याच्या आत फळ्यांवर धूळ खात पडलेल्या त्या पेट्या हातोहात खपल्या.

त्याच वर्षी, त्याच सुमारास लंडनमध्ये जे घडले ते तर आपल्याला अधिकच जवळचे आहे. ‘यार्डबर्ड्स’ या वाद्यवृंदाला ‘हार्ट फुल ऑफ सोल’ या गाण्याची सुरावट सतारीवर हवी होती. म्हणून सतारिये आणि तबलजी यांना स्टुडिओत बोलावण्यात आले, मुद्रणही झाले. पण त्या गाण्याच्या गदारोळात सतार बारीक पडू लागली. तेव्हा जेफ बेक या गिटारवादकाने फझच्या साह्याने ती सुरावट आपल्या गिटारीवर वाजविली, आणि तबकडीवर तीच गेली. नव्या तऱ्हेचे सारे आवाज हाताशी असताना सतारीच्या जागी त्याला फझच का सुचावे? माझ्या मते उत्तर जवारीत आहे. कृती अगदी निराळ्या: आपल्याकडे हाडाच्या किंवा शिंगाच्या घोडीवर तार घासते, तिकडे विजेची लाट छाटली जाते. पण दोहोंचे फळ एकच, की मूळ सुराभोवती वरच्या सुरांचे मोहोळ उठते. नॅशव्हिलला ट्रान्सफॉर्मर जळाला तेव्हा पाश्चात्यांच्या कानाला जे नवे वाटले, ते आपल्याकडचे तंबोरे कितीतरी आधीपासून रोज संध्याकाळी म्हणत आले आहेत.

१९६६ साली लंडनच्या आयव्हर आर्बिटरने ‘फझ फेस’ नावाची पेटी काढली. मायक्रोफोनच्या दांडीच्या गोल बैठकीवरून तिचा आकार सुचला. वर डोळ्यांसारख्या दोन खुंट्या. खरोखरच एखादा चेहरा आपल्याकडे बघून हसतो आहे असे वाटते. ही पेटी जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली आली आणि इतिहास पालटला. रॉजर मेयर हा ब्रिटिश आरमाराच्या खात्यात ध्वनिशास्त्राचे काम केलेला तरुण त्याच्यासाठी निराळ्या पेट्या बनवी आणि जुन्या सुधारी. हेंड्रिक्सने १९६९ सालच्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या मेळाव्यात अमेरिकेचे राष्ट्रगीत एकट्या गिटारीवर वाजविले. व्हिएतनामचे युद्ध भरात होते. राष्ट्रगीताची ओळख पटते न पटते तोच सूर किंचाळू लागतात, विमाने झेपावल्याचा आणि स्फोट झाल्याचा भास होतो, आणि मग त्या कल्लोळातून धून पुन्हा डोके वर काढते. ते वादन ऐकताना मला कळले, की स्वच्छ सुराने जे म्हणता आले नसते ते या फाटलेल्या सुराने म्हटले आहे. देशावर प्रेम आहे आणि देशाने चालविलेल्या युद्धाची वेदनाही आहे. या दोन्ही गोष्टी एकाच तारेवर वाजविणे गुळगुळीत आवाजाला कसे जमावे?

आता कारागिरांकडे वळू. या जुन्या पेट्यांचा आत्मा म्हणजे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ सालच्या डिसेंबरात जन्मलेला पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचाच होता. पण हा धातूसारखा दिसणारा पदार्थ मोठा लहरी. एकाच दिवशी, एकाच कारखान्यात तयार झालेले दोन नग सारखे निघत नाहीत. उन्हात ठेवले की त्यांतून नको तेवढी वीज झिरपते आणि आवाज बदलतो. पावसाळी हवेत तबला उतरतो, तंबोरा बोलेनासा होतो, तशीच ही जात. म्हणून एका ‘फझ फेस’सारखी दुसरी वाजत नसे, हेंड्रिक्ससुद्धा अनेक पेट्या वाजवून त्यांतली एखादी निवडी. पुढे सिलिकॉन आले. ते ऊन-पाऊस मानीत नाही, आणि नगामागून नग बरेचसे सारखे निघतात. साहजिकच कारखान्यांनी जर्मेनियमला रजा दिली, आणि फझ फेसमध्येही सिलिकॉन बसू लागले. यंत्रयुगाच्या दृष्टीने ही प्रगतीच होती, यात शंका नाही.

पण कान ऐकेनात. जुना आवाज मऊ होता, बोटाच्या हलक्या-जड दाबाला तो ओ देई, असे वादकांचे म्हणणे पडले. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत एकेकटे कारागीर पुढे सरसावले. जुन्या गोदामांत पडून राहिलेले जर्मेनियमचे नग त्यांनी शोधून काढले. प्रत्येक नग मीटरला लावावयाचा, त्याची वाढविण्याची शक्ती मोजावयाची, झिरप मोजावयाची; जे अंगापेक्षा बोंगा असतील ते बाजूला टाकावयाचे, आणि उरलेल्यांतून एकमेकांशी पटतील अशा जोड्या लावावयाच्या. शेवटचा न्याय मात्र कानाचा. कनेक्टिकट राज्यातील ‘अ‍ॅनालॉग मॅन’ हे दुकान चालविणारा माइक पिएरा अशांपैकीच एक. आपल्या ‘सन फेस’ पेटीला तो हवे असल्यास एक जादा खुंटी बसवून देतो, तिचे नाव ‘सनडायल’. हवा तापली की ती थोडी फिरवावयाची आणि पेटी पुन्हा सुरावर आणावयाची. तंबोऱ्याच्या मण्याचेच काम ते!

मिनियापोलिसच्या झॅकरी वेक्सची वाट याहून निराळी. त्याने १९९५ साली आपला उद्योग सुरू केला आणि ‘फझ फॅक्टरी’ नावाची पेटी बनविली. आत पुन्हा जर्मेनियमचे दोन जुने नग. वर मात्र एक-दोन नव्हे, पाच खुंट्या. इतर निर्माते जे धोके पेटीच्या आत बंद करून टाकीत, ते वेक्सने वादकाच्या हाती दिले. एक खुंटी फिरविली की दुसरीचा अर्थ बदलतो. पाचव्या खुंटीचे नाव आहे ‘स्थिरता’. ती उलटी फिरवीत न्यावी तसतशी पेटीची वीज तुटत जाते आणि सूर उपासमार झाल्यासारखा कण्हू लागतो. कधी तार न छेडताच पेटी स्वतःहून शीळ घालते, रेडिओचे स्टेशन शोधताना येत असे तशी. आणि प्रत्येक पेटीच्या अंगावर हाताने चित्र रंगविलेले. पुढे छापील चित्रांच्या स्वस्त आवृत्त्याही निघाल्या. इंग्लंडच्या ‘म्यूझ’ या वाद्यवृंदाचा मॅथ्यू बेलामी या पेटीवर इतका लुब्ध झाला, की ह्यू मॅन्सन या कारागिराकडून त्याने ती गिटारीच्या लाकडातच बसवून घेतली.

ही सारी हकीकत जुळवीत असता एक प्रश्न माझ्या मनात राहून राहून आला. हे लोक जुन्या बिघाडाचे एवढे कौतुक करतात. मग बिघडणे हाच गुण म्हणावयाचा काय? मुळीच नाही. नॅशव्हिलच्या त्या टेबलात त्यापूर्वीही नाना बिघाड झाले असतील, आणि ते दुरुस्त झाले हेच योग्य. मिरजेचा कारागीरही घोडी कशीही घासून चालत नाही; एक फेर अधिक झाला की तारेतून नुसती खरखर निघते. दोष आणि गुण यांच्यामध्ये दोऱ्याच्या जाडीएवढेच अंतर असते, आणि ते कोणत्या मीटरने मोजता येत नाही. ते ज्याला ऐकू येते तो कारागीर. स्नॉडीचा मोठेपणा यंत्र बिघडण्यात नव्हता. बिघडलेले ऐकून घेण्यात होता, आणि त्याहून अधिक म्हणजे ते समजून घेऊन दुसऱ्याच्या हाती देण्यात होता.

ग्लेन स्नॉडी २०१८ साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी वारला. तो क्वॉन्सेट हटही मध्यंतरी कचेऱ्यांच्या कामी लागला होता. पुढे त्याची डागडुजी झाली आणि २००९ सालापासून बेलमाँट विद्यापीठाचे विद्यार्थी तेथे ध्वनिमुद्रणाचे धडे घेऊ लागले. हे वाचले तेव्हा मास्तर म्हणून मला त्या वर्गाविषयी कुतूहल वाटले. आवाज स्वच्छ कसा ठेवावा, हे तेथे प्रथम शिकवीत असतील, आणि तसेच शिकवावयास हवे. पण मी त्या वर्गावर असतो, तर एक पाठ आणखी जोडला असता. यंत्रातून भलता आवाज आला, की कळ बंद करण्यासाठी हात पुढे जातोच. तो जाऊ द्यावा. फक्त कळ दाबण्यापूर्वी पोरांनी तो आवाज एकदा शेवटपर्यंत ऐकावा, एवढेच मी सांगितले असते.